त्र्यंबक दिघे मार्ग

खंडेराव मार्केटातून पाटीची ऑर्डर आली:
निळ्यावर पांढरं, वर गुजराती, खाली मराठी,
त्र्यंबक दिघे मार्ग.
मी विचारलं, कोणते?
कारकून म्हणाला, ठरावात नाव आहे, माणूस नाही.
तमे लखो ने, काका.

बडोद्यात त्र्यंबक दिघे होते तीन.
तिघांचंही मी रंगवलेलं आहे
आणि तिघांनीही पैसे उशिराच दिले.

पहिले पेटीवाले. दांडिया बाजारात
क्लासची पाटी माझ्या हातची.
तिच्यातला ‘त्र्य’ मला अजून आवडतो,
मान जरा तिरपी,
साथीला बसल्यासारखा.

दुसरे मगरवाले. विश्वामित्रीच्या काठाने
चाळीस वर्षं वही घेऊन हिंडले.
त्यांना पत्रा करून दिला होता:
‘येथे मगरी राहतात. आपण पाहुणे आहात.’
पत्रा महिन्याभरात गेला,
बहुतेक कुणाच्या खुराड्यावर.

तिसरे नगरसेवक. दोनदा आले, तिसऱ्यांदा पडले.
भिंतीवर त्यांचं नाव माझ्याएवढं उंच काढायचो;
पडल्यावर चुना मारायलाही मीच.
चुन्याखालून दोन पावसाळे ‘दिघे’ दिसत राहिले.

नातं कसलंच नाही.
एक सीकेपी, एक मराठा,
आणि मगरवाल्यांना विचारलं तर
त्यांनी चहा संपवला आणि उठले.
पण टेलिफोनच्या पुस्तकात एकाखाली एक,
मास्तरांनी शिक्षा म्हणून
एका बाकावर बसवलेल्या पोरांसारखे.

म्हणून रात्री दोनला पेटीवाल्यांकडे फोन:
साहेब, परसात मगर आलीय, निघा.
केवढी? त्यांनी विचारलं म्हणे,
विचारून मग घाबरले.
म्हणून मगरवाल्यांना एका मंडळाने
शाल दिली, श्रीफळ दिलं,
त्यांच्या कोमल गंधाराबद्दल वीस मिनिटं भाषण झालं.
ते मध्ये काही बोलले नाहीत.
शाल थंडीत नदीवर उपयोगी पडली.

आणि पाणी तीन दिवस आलं नाही तेव्हा
चौकात नगरसेवकांचा पुतळा जाळला,
छातीवर नाव लावून.
(ते नाव कुणी काढलं होतं, विचारू नका.)
पेटीवाल्यांच्या शशिकलाबाईंनी गॅलरीतून वाचलं,
आत आल्या,
आणि सुपारी कातरत बसलेल्या नवऱ्याच्या
खांद्यावर हात ठेवून पाहिला.

आता तिघंही नाहीत. पाटी आहे.
वर्षातून तीनदा हार पडतो तिच्यावर,
तीन तारखांना, तीन घरची माणसं;
आधीचा सुकलेला हार बाजूला सारतात,
काढत मात्र कुणी नाही.
नावाच्या आधी मी चार बोटं जागा सोडली होती,
पंडित, प्रोफेसर, माननीय,
काय ते ठरलं की भरू म्हणून.
तिथे कबुतरं बसतात, आणि मग जे होतं ते होतं.

पुराच्या वर्षी पाणी पाटीच्या खांबाला
कमरेपर्यंत चढलं.
पहाटे उतरू लागलं तेव्हा खाली
हात-दीड हाताचं मगरीचं पिल्लू,
चिखलात, डोळे उघडे, हलेना.
गच्च्यांवरून लोक ओरडले, झालं! निकाल लागला!
रस्ता मगरवाल्यांचा!
कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

शशिकलाबाई गॅलरीत होत्या, ऐंशीच्या पुढच्या,
कठड्याला धरून बघत.
म्हणाल्या, ओरडू नका रे त्याच्यावर.
चुकून आलं असेल.
आमच्याकडे येतात तसं.