एकोणतीस ग्रॅम

नमुन्याच्या फॉर्मवर रकाने ठरलेले :
शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक.
हौसाक्का चौगुल्यांनी दुधाच्या पिशवीतनं माती आणली
आणि म्हणाल्या, ह्यात पीक न्हाई बाई,
ही सोप्यातली हाय.

प्रयाग चिखलीचं घर.
श्रावणात पंचगंगा आत आली, नऊ दिवस राहिली, गेली.
आता मार्गशीर्ष.
गुऱ्हाळं पेटलीत, चिपाडं उन्हात कडकड वाजतात
आणि सोप्यातली जमीन अजून
तळव्याला लागते, मांजराच्या नाकासारखी.

"पूर छातीएवढा हुता," त्या म्हणाल्या,
"ओल मातूर देवळीच्या वर चढली.
पाणी तर खाली जातंय न्हवं?"

शेंडा पार्कातल्या या खोलीत
सत्तावीस वर्षं मी माती तोलते आहे.
असं कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, माती पाणी पीत नाही, हौसाक्का.
कणाकणांत फटी असतात, केसाहून बारीक,
पाणी त्यांत शिरतं
आणि एकेक कण आपल्याभोवती
त्याचा पातळ थर ओढून घेतो,
थंडीत वाकळ ओढावी तसा.
फट जितकी बारीक तितकं पाणी वर चढतं,
वातीत तेल चढतं ना, तसंच. भिंतीतसुद्धा.

वाळू लगेच सोडून देते.
नदीकाठचा पोयटा चार दिवस सांभाळतो.
तुमची काळी मात्र
इतक्या बारीक कणांची, की चमचाभर घेऊन
तिचं सगळं अंग उलगडून पसरलं
तर गावच्या शाळेचं मैदान झाकेल.
तेवढ्या अंगाला लागलेलं पाणी आहे ते.
शेवटचं शेवटचं तर ती असं घट्ट धरते
की रोप तिच्यात उभ्या उभ्या सुकतं
आणि माती ओलीच असते.

हौसाक्का गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, आमचं मालक तसंच हुतं.
असू दे. तोला तुमी.

शंभर ग्रॅम. ॲल्युमिनियमची डबी, झाकण काढून.
भट्टी एकशेपाच अंशांवर.
उद्या या म्हटलं, चोवीस तास लागतात.

त्या पहिल्या बसनं आल्या,
माझ्यासाठी काकवीची बाटली घेऊन.

एकाहत्तर.
मी कागदावर वजाबाकी मांडेपर्यंत
त्यांची तोंडी झाली होती.
"म्हंजे एकुणतीस ग्रॅम नदी."
हो.
"आन् ती कुटं गेली?"
मी भट्टीच्या वरच्या भोकाकडे बोट केलं,
मग खिडकीकडे.
त्या तिकडे बघत राहिल्या,
पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर
रस्त्याकडे बघतात तशा.

फॉर्मवर शिफारस लिहावी लागते,
युरिया किती, शेणखत किती.
मी लिहिलं : दारं उघडी ठेवा.
भिंतीचा सिमेंटचा गिलावा खरवडून काढा,
तो ओल कोंडतो.
खाली लिहिलं, वेळ लागेल.
हे शिफारशीत बसत नाही, पण खोडलं नाही. सही केली.

माती त्यांनी परत नेली नाही.
"वाळल्याली घरात न्हेऊन काय करू,
तितं गेली की भिजंल पुन्यांदा."

डबी टेबलावर उघडीच राहिली माझ्याकडून.
झाकण लावायचं असतं, काचेच्या बंद भांड्यात ठेवायचं असतं,
नव्या पोरांना यावरून मीच ओरडते.

सकाळी दाट धुकं. समोरचं निलगिरीचं झाड अर्धंच दिसत होतं.
सवयीनं काटा शून्यावर आणला, डबी ठेवली,
डबीचं वजन वजा केलं.
बहात्तर पूर्णांक आठ.

कुणी ओतलं नव्हतं.
खिडकी, मला वाटतं, बंद होती.
मी पुन्हा तोललं, जरा वेळ हात काढून उभी राहिले.
आकडा तिथंच थांबला,
मग किंचित पुढे सरकला.