आडनाव

डेल्बर्टने तळघराच्या फरशीवर गुडघे टेकले,
टॉर्च काखेत धरला
आणि भिंतीकडेचा चिकट पुठ्ठा
तव्यावरचा पापड उलटावा तसा उलटला.
"सात," म्हणाला. "त्यातले तीन तुमच्या काळजीचे."

मग भिंग माझ्या हातात दिलं.
रंगावर जाऊ नका,
कॅन्ससात ऑगस्टनंतर सगळंच तपकिरी.
पाय मोजू नका, पाय सगळ्यांना आठच.
डोळे मोजा.
बहुतेकांना आठ असतात. याला सहा,
दोन, दोन, दोन,
आणि पाठीवर एक व्हायोलिन, मान मागे पोटाकडे.

मी मोजले.
डोळे इतके बारीक की मोहरी त्यांच्यापुढे कलिंगड.
सहाच होते.

हा जाळं लावून वाट बघत बसत नाही, म्हणाला,
रात्री स्वतः निघतो. दिवसा तुमच्या बुटात झोपतो.

फॉर्म भरताना नाव विचारलं.
कोळी. के, ओ, एल, आय.
"म्हणजे काय?"
दोन अर्थ आहेत, म्हटलं. एक, मासे धरणारा.
"आणि दुसरा?"
मी पुठ्ठ्याकडे बोट केलं.
तो इतका हसला की काखेतला टॉर्च सुटला
आणि घरंगळत वॉटर हीटरखाली गेला.
तिथे आणखी एक पुठ्ठा निघाला,
मागच्या भाडेकरूचा, गच्च भरलेला.
मग कोणीच हसलं नाही.

त्याने सांगितलं ते असं:
पलंग भिंतीपासून वीतभर ओढायचा.
चादर जमिनीला टेकू द्यायची नाही.
पुठ्ठ्याचे खोके काढून टाकायचे, सगळे, आजच.
आणि भोकं बुजवायची. पाइपाभोवतीची, दाराखालची,
नाणं जाईल तेवढीसुद्धा.

बाबा थळच्या वाळूत बसून
पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून जाळं सांधायचे.
जाळं म्हणजे भोकंच, म्हणायचे, दोर नुसता हिशेबाला.
त्यांचा सगळा धंदा भोकं राखण्याचा.
मी विचिटात सिलिकॉनची नळी पिळत
एकेक बुजवत सुटले.

खोके उघडले. सहा वर्षं न उघडलेले.
कुकरच्या चार रिंगा,
रेवाचा तिसरीतला सूर्यमाला प्रकल्प, शनीची कडी तुटलेली,
आणि मोज्यात गुंडाळून विमानतळावर लपवलेली जवळ्याची पुडी.
वास अजून तसाच, अख्ख्या तळघराला पुरेल असा.
पुडीच्या घडीत पांढुरकी अंडपिशवी.
कुणालातरी ती जागा घरासारखी वाटली होती.
मी दोन्ही एकदमच फेकले,
आधी थोडा वेळ हातात धरून.

एक चूक झाली.
गॅरेजमध्ये रेवा किंचाळली, मी चप्पल उचलली.
कोळीण मोठी होती, केसाळ, पाठीवर पिल्लं वागवणारी.
चप्पल बसली आणि
साबुदाणा सांडावा तशी पिल्लं पसरली सिमेंटवर, चौफेर.
डेल्बर्टला फोनवर सांगितलं तर गप्प राहिला.
मग म्हणाला, "ती काही करत नाही, मॅम."
डोळे मोजले नव्हते मी.

आता जिन्याखाली एकाला राहू दिलंय.
लांब, काडीसारख्या पायांचा, उलटा लोंबणारा.
फुंकर मारली की अंगात आल्यासारखा घुमतो.
तो त्या व्हायोलिनवाल्यांना खातो म्हणे.
भाडं त्यातच वळतं करून घेतलंय.

फ्रिजवर कागद लावलाय.
सप्टेंबर अकरा. ऑक्टोबर चार.
नोव्हेंबरात एक, तोही वाळलेला.
डेल्बर्टच्या बिलावर एका ओळीत लिहून आलं:
कोळी, नग तीन, दीडशे डॉलर.
त्यात मी कितवी, ते रेवाला अजून ठरवता येत नाही.

पलंग भिंतीपासून वीतभर दूर.
रात्री प्रेअरीवरून वारा आला की
नांगरलेल्या होडीत झोपल्यासारखं वाटतं,
कशालाच न टेकता.

सकाळी बूट उलटे करून झटकते.
काही पडत नाही.
दुसराही झटकते.