अपाय

दवाखान्याच्या मागं, जांभळीखाली, तीन टाक्या.
दारावर पाटी कानडीत: अपाय.
खाली मराठीत कुणी लिहिलं नाही.
आमच्यातही अपाय म्हणजे अपायच.

वर, चौथ्या मजल्यावर,
गळ्याच्या गाठीचे पेशंट एक गोळी गिळतात,
दार लागतं.
मग त्यांचं सगळं पाणी,
चुळीचं, आंघोळीचं, दोनदा ओढलेल्या फ्लशचं,
इथं येऊन बसतं
आपलं तेज ओसरायची वाट बघत.
आठ दिवसांत निम्मं. पुढच्या आठात निम्म्याचं निम्मं.
टाक्या तीनच, पेशंट वाढलेत.
म्हणून मी खानापूरहून माती आणते.

"एवढीशीच?" भरमाण्णा कुंभार म्हणतो,
"हिच्यात घट सोड, परळ व्हायचा नाही."
मी सांगते: धुते, वाळवते, पापुद्रे सुटे करते,
त्यांवर चांदीचे कण बसवते,
केसाच्या जाडीचे हजार भाग केले
तर त्यातल्या एकाहून बारीक.
जरा लोखंडाचं काळं, चुंबकानं ओढता यावं म्हणून.
आयोडीन चांदीपाशी आलं की थांबतं.
"चांदीपाशी कोण थांबत नाही गे?"

गेल्या साली त्याची सुंदरा त्या खोलीत होती.
त्यानं किटली दारात ठेवली,
तिनं काचेतून हात हलवला: मागं सर. अजून मागं.
हे तो मला सांगत नाही.
माती तुडवताना बोलतो, खाली बघून.

मंगळवारी टाकीतलं एक लिटर मिळालं, तीन सह्यांवर.
काउंटर करकरत होता, गव्हात किडा लागावा तसा.
चिमूटभर राखाडी पूड. अर्धा तास ढवळणं.
चुंबक लावला, पूड भांड्याच्या भिंतीला आली,
वरचं पाणी वेगळं काढलं.
टिक.
बराच वेळ काही नाही.
टिक.
दुसऱ्या खेपेला साबणाचं पाणी आलं,
निम्मंच उतरलं. वहीत तेही लिहिलं.

किडा मेला नव्हता.
पूड काउंटरजवळ नेली तर तिथं करकरत होता,
फक्त घर बदललेलं.

"मडकं घेतं ते ओतायला," भरमाण्णा म्हणाला.
"तुझं हे घेतं आणि देतच नाही?"
ऐंशी दिवस तरी नाही, मी म्हटलं.
शिशाच्या डब्यात पिशवी, पिशवीवर तारीख.

त्यानं बोटांच्या पेरांवर ऐंशी मोजले,
मध्ये चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.