सोमवार

आयफेलच्या तिसऱ्या चढावर गिअर संपले.
उतरलो, सायकल ढकलत निघालो.
वर किल्ला. तिकीट सहा युरो, सोमवारी बंद.
आज सोमवार.

परतताना ओढ्याकाठी पंक्चर,
आणि लुडगरची पाणचक्की.
त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे.
भोक शोधायला त्यानं ट्यूब
पाटाच्या पाण्यात धरली;
बुडबुडे आले, तसा हसला.

"किल्ल्यावरचे दर अकरावं पोतं उचलायचे,"
ठिगळ दाबत म्हणाला,
"पण पाणी काही चढ चढत नाही.
पिठासाठी त्यांनाच यावं लागे
खाली, चिखलातून."

पैसे घेईना.
वर रायच्या पिठाची पुरचुंडी.

उतार लागला. ब्रेक सोडले.
सीटवर त्याची पाच पांढरी बोटं उमटलेली,
म्हणून बसलो नाही,
पेडलवर उभाच राहिलो
पुढच्या गावापर्यंत.