आठ शिंपले, रात्रपाळी

वार्टा नदीचं पाणी शहराकडे वळण्याआधी
आमच्या तळघरातल्या काचेच्या टाकीतून जातं.
टाकीत आठ शिंपले.
प्रत्येकाच्या पाठीवर बटणाएवढं चुंबक चिकटवलेलं,
आणि एक तार, माझ्या टेबलावरच्या पडद्यापर्यंत.
पडद्यावर आठ रेघा. वर म्हणजे उघडा, खाली म्हणजे मिटलेला.
एवढं शिकायला मला अर्धा दिवस लागला,
बाकीचं शिकायला अकरा वर्षं.

बाकीचं म्हणजे:
दर तुकडीत एक आळशी असतो. या खेपेला तिसरा.
मालगाडी पुलावरून गेली की सहावा दचकतो.
एक मिटला तर मिटू दे, झोपला असेल.
दोन मिटले तर चहा खाली ठेवायचा.
पाच मिटले तर मला कुणी विचारत नाही,
झडप आपोआप पडते.

माझ्या आधीचा कझिमिएश म्हणायचा,
यंत्राला ज्याचं नाव सांगितलंय तेवढंच ते मोजतं.
शिंपल्याला नाव लागत नाही.
नको म्हणजे नको.
निवृत्तीच्या दिवशी त्यानं टाकीपुढे टोपी काढली.
आम्ही हसलो. तोही हसला,
पण टोपी हातातच.

फेब्रुवारी. बाहेर उणे नऊ.
तीन वाजून बारा मिनिटांनी दुसरा मिटला.
मग सातवा. मग आळशी तिसरा, इतक्या चटकन
की चहा खाली ठेवायचा राहूनच गेला.
चार.
पाच.
खाली कुठेतरी लोखंडाचा मोठा आवाज झाला,
आणि पंपांची घरघर, जी मी अकरा वर्षं ऐकलीच नव्हती,
थांबल्यावर ऐकू आली.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.
अख्ख्या शहराच्या तोंडचं,
आणि शहर गाढ झोपेत.

हालिना झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून आली,
बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, बोलली नाही.
साठ्यात सहा तासांचं पाणी होतं.
मी पुन्हा पुन्हा भागाकार केला. सहाच येत होते.
साडेचारला टेकडीवरच्या बेकरीतून फोन:
"नळाला धार नाही, पीठ भिजवायचंय माझं, काय चाललंय तुमचं?"
म्हटलं, शिंपले मिटलेत.
पलीकडे बराच वेळ कुणी नाही.
"काय मिटलंय?"

सात वाजता निकाल आला: काही नाही.
म्हणजे हालिनाला जे शोधता येतं, त्यातलं काही नाही.
नदीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना, कातडी कमावणारे दोघे,
बीटच्या शेतांतून येणारा एक ओढा.
सगळ्यांना फोन झाले. सगळ्यांकडे सगळं व्यवस्थित होतं.
कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढंच.

आठ वीसला सहावा उघडला, केसाएवढा.
मग एकेक.
तिसरा दुपारी, मी घरी गेल्यावर.
जे काही आलं होतं ते खाली समुद्राकडे गेलं.
अहवालात मी लिहिलं, कारण अज्ञात.
साहेबांनी खोडून लिहिलं, खोटा इशारा.
मी सही केली नाही.
म्हणजे, दुसऱ्या दिवशी केली.

तीन महिन्यांत त्यांना आपल्या पाण्याची सवय होते,
आणि सवय झालेला साक्षीदार उपयोगाचा नाही.
म्हणून एप्रिलमध्ये मी त्यांना बादलीतून तळ्यावर नेलं.
चुंबकं पकडीनं काढली. डिंक तसाच राहिला.
पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका,
पुन्हा चुकून यांनाच कुणी कामावर लावू नये म्हणून.
तिसऱ्याला शेवटी सोडलं.
हातात मिटलेला होता. पाण्यात गेल्यावरही मिटलेलाच.
उघडतो का बघत थांबले,
मग बोटं गारठली.

घरी येऊन नळ सोडला, ग्लास भरला,
आणि खिडकीच्या उजेडात धरला,
जसं काही मला दिसणारच होतं.