पाहुणे गेल्यावर

टीव्हीवर विश्वास खासगीवाले कधी गप्प बसला नाही.
लोकल केबल, रोज रात्री साडेनऊ,
कोडी, नकला, साड्यांच्या सेलची जाहिरात
आणि कॅमेऱ्यात नाक खुपसून अख्ख्या इंदूरला विचारणं,
"काय भिया, जेवले का?"

त्याने कॅसेट काढली तर तिच्यात एक शब्द नाही.

नऊ व्हायोलिनं, दोन चेलो,
महूच्या पलटणीच्या बँडमधून रिटायर झालेली एक क्लॅरिनेट.
मागच्या रांगेत मी,
मिल बंद पडल्यावर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा.

त्याला नोटेशनचं ओ की ठो कळत नव्हतं.
तो गुणगुणायचा,
डिक्रूझ मास्तर पेन्सिलीने पकडत जायचे.
"इथे असं वाटलं पाहिजे, मास्तर,
की पाहुणे गेलेत
आणि कप अजून कुणी उचललेले नाहीत."
"पट्टी कुठली?"
"सव्वासातची."
मास्तरांनी चष्मा पुसला
आणि खरंच काहीतरी लिहिलं.

स्टुडिओ म्हणजे सियागंजात मसाल्याच्या गोदामावरची खोली.
खिडक्यांना गाद्या, पंखा बंद,
गजांना हिंगाचा वास.
तो कोपऱ्यात उभा, तोंडावर हात घट्ट धरून,
वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा.

चौथ्या तुकड्यात शेवटचा सूर विरत होता,
आणि त्याच्या बोटांमधून निसटलं,
"हं."

परत वाजवायला टेप नव्हती, पैसे तर नव्हतेच.
राहिलं.

कव्हरवर दिवा आणि दोन कप हवे होते त्याला.
कंपनीने त्याचाच हसरा फोटो छापला, मिशांसकट.
लोकांनी चुटके समजून नेली
आणि आठवड्यात परत आणली:
भाईसाब, ही खराब आहे, हा बोलतच नाही.

परवा स्नेहनगरात दाढ काढायला गेलो.
डॉक्टरीण तिशीची, तिला तो आठवायचं कारण नाही.
कोपऱ्यातल्या स्पीकरवर काहीतरी संथ चाललेलं,
पेशंट घाबरू नयेत म्हणून.
माझा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर
आपोआप बोटं बदलायला लागला.
क्लॅरिनेट आली. गेली.
तोंडात कापूस, डोळ्यांवर दिवा,
मी सूर विरायची वाट पाहत होतो.

"हं," तो म्हणाला.

"हं," मी म्हणालो.

हातातलं थांबवून तिने विचारलं,
"दुखतंय का काका?"