न आलेली माणसं

मंगळवारी सकाळी नऊ बावीसला
कुताइसीतल्या आमच्या शाखेत पडदे काळे झाले.
माझा तेवढा चालू राहिला, आणि त्यावर
प्रत्येक नावापुढे नुसती एक आडवी रेघ.

पैसे गेले नव्हते. हे आधीच सांगते,
कारण नंतर कुणी ऐकून घेतलं नाही.

मालखाज तळघरातून वर आला, कानामागे पेन्सिल.
म्हणाला, कुणीतरी एक मेल उघडला, बिलासारखा दिसणारा,
तीन आठवड्यांपूर्वी.
तेव्हापासून तो आत वावरत होता,
चपला हातात घेऊन.
'कुणीतरी' म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
मला आठवलं ते बिल.
छपाईच्या शाईचं. एकशे चाळीस लारी.

साडेदहाला वार्लाम आला, हेझलनटवाला,
टोपी हातात, आवाज खाली.
"त्सियाला, माझे आहेत ना?"
आहेत, म्हटलं.
"मग दाखव."

रेघ कशी दाखवायची माणसाला?

त्याच्या आईचं पासबुक अजून आहे त्याच्याकडे,
जुन्या राज्यातलं.
त्यात एक गाय होती, वासरासकट.
मग तिचा पाव झाला. मग कागद.
तो ओरडला नाही. दारापाशी गेला
आणि भावाला फोन लावला, एवढंच.

दुपारी रांग पुलापर्यंत.
रिओनीवरून बोचरा वारा,
पायांखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
आणि समोरच्या बँकेपुढेही रांग,
जिच्या यंत्रांना साधं पडसंसुद्धा झालं नव्हतं.

वीस वर्षं नोटा मोजतेय.
मला वाटायचं, बँक म्हणजे आतली ती पोलादी खोली.
नाही.
बँक म्हणजे आज न आलेली माणसं:
घरी लोणचं घालणारी, दात काढून घेणारी,
आपले पैसे आहेत हे विसरून
बायकोशी भांडत बसलेली.
चोरानं एक तेत्रीही नेली नाही.
त्यानं तो विसर नेला.

गुरुवारी आकडे परतले, जसेच्या तसे.
वार्लामनं सगळे काढले, दोनदा मोजले,
काचेखालून दहा लारी मागे सरकवल्या.
"खातं राहू दे," म्हणाला, "नाव पुसू नकोस."

मालखाजला माहीत आहे.
त्याला माहीत आहे हे मला माहीत आहे.
तो विचारत नाही, मी सांगत नाही.
नऊ वाजलेत.
दार उघडं आहे.